डेव्ह गॅलाहर

डेव्हिड गॅलाहर (३० ऑक्टोबर १८७३ – ४ ऑक्टोबर १९१७) हे न्यू झीलंडचे रग्बी खेळाडू, संघनायक व सैनिक होते. १९०५-०६ च्या ज्या दौऱ्यामुळे न्यू झीलंडच्या संघाला ‘ऑल ब्लॅक्स’ हे नाव मिळाले, त्या दौऱ्याचे नेतृत्व त्यांनी केले.

प्रारंभिक जीवन

त्यांचा जन्म आयर्लंडमधील डोनेगल परगण्यात, रॅमेल्टन या गावी झाला. १८७८ मध्ये हे कुटुंब न्यू झीलंडमधील कातीकाती वसाहतीत स्थायिक झाले. तेथील जमिनीवर उदरनिर्वाह कठीण होता. आई मारिया शाळेत शिकवून संसाराला हातभार लावीत. १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि तेरा वर्षांच्या डेव्हिड यांना शिक्षण सोडून नोकरी धरावी लागली. पुढे ऑकलंडमध्ये ते पॉन्सनबी क्लबकडून खेळू लागले. १९०१ मध्ये ते बोअर युद्धात सहभागी झाले.

कारकीर्द

१९०३ मध्ये सिडनी येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध झालेल्या न्यू झीलंडच्या पहिल्या कसोटीत ते खेळले. १९०५ च्या दौऱ्यासाठी त्यांची संघनायक म्हणून निवड झाली. मात्र ही निवड खेळाडूंऐवजी नियामक संघटनेने केल्याने जहाजावरच नाराजी उमटली. गॅलाहर व उपनायक बिली स्टीड यांनी पद सोडण्याची तयारी दाखविली. अखेर मतदान होऊन १७ विरुद्ध १२ मतांनी त्यांचे नेतृत्व कायम झाले.

न्यू झीलंडचा संघ स्क्रममध्ये आठऐवजी सातच खेळाडू ठेवी. आठवा, म्हणजे ‘विंग फॉरवर्ड’, स्क्रममध्ये चेंडू टाकून बाजूला उभा राही व आपल्या हाफबॅकचे रक्षण करी. ही जागा गॅलाहर यांची असल्याने अडथळा आणल्याचा आरोप ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्यांच्यावर वारंवार केला. आयर्लंडविरुद्धच्या कसोटीत दुखापतीमुळे त्यांना जन्मभूमीत खेळता आले नाही.

दौऱ्यातील ३५ पैकी ३४ सामने संघाने जिंकले. एकमेव पराभव १६ डिसेंबर १९०५ रोजी कार्डिफ येथे वेल्सकडून ०-३ असा झाला. या सामन्यात बॉब डीन्स यांचा ट्राय पंचांनी नाकारला. त्यावरील वाद अनेक दशके चालला. गॅलाहर यांनी मात्र तक्रार न करता वेल्सचा विजय मान्य केला. १९०६ मध्ये त्यांचा व स्टीड यांचा रग्बीच्या तंत्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. खेळातून निवृत्त झाल्यावर ते ऑकलंड व राष्ट्रीय संघाचे निवडकर्ते होते.

महायुद्ध व मृत्यू

वय व विवाहित स्थिती यांमुळे त्यांच्यावर लष्करी सेवेची सक्ती नव्हती. तरीही १९१६ मध्ये, धाकटे बंधू डग्लस फ्रान्समध्ये मारले गेले त्याच वर्षी, ते स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले. ४ ऑक्टोबर १९१७ रोजी बेल्जियममधील ब्रूडसाइंडच्या लढाईत डोक्याला तोफगोळ्याचा तुकडा लागून त्यांचा मृत्यू झाला. पत्नी व एक कन्या मागे राहिल्या. पोपरिंगजवळील नाइन एल्म्स दफनभूमीत त्यांची समाधी आहे. त्यांनी आपले जन्मवर्ष १८७६ असे सांगितले असल्याने तीवर वय ४१ कोरलेले आहे. प्रत्यक्षात ते ४३ वर्षांचे होते.

स्मृती

ऑकलंडच्या क्लब स्पर्धेतील ‘गॅलाहर शील्ड’ आणि न्यू झीलंड व फ्रान्स यांच्यातील ‘डेव्ह गॅलाहर करंडक’ त्यांच्या नावाने दिले जातात. ऑकलंडच्या ईडन पार्क मैदानाबाहेर त्यांचा पुतळा आहे.