पंडिता रमाबाई आणि हातचं काम



पंडिता रमाबाई आपल्याला शाळेत भेटल्या त्या एवढ्याच: संस्कृत विदुषी, शारदा सदनाच्या संस्थापिका. त्यांचं पुढचं आयुष्य मला फार उशिरा कळलं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. आईने त्यांना संस्कृत शिकवलं. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी हिंडत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या, तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नाहीत तोच पती वारले. पदरी लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या. त्यावरून इकडे खूप टीका झाली. तरी परत येऊन १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार बायका-मुलींना आणून केडगावच्या मुक्ती सदनात आसरा दिला. तिथे नुसती प्रार्थना नव्हती. शेती, गाई-म्हशी, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायकाच चालवत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि त्याचे खिळे जुळवले ते याच बायकांनी. हे काम पुरं करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. भाषांतर वरचं आणि घाणा खालचा, असा भेद त्यांच्या श्रद्धेत नव्हता, असं मला वाटतं.

हे वाचताना मला आठवीतला एक फॉर्म आठवला. आईच्या व्यवसायाच्या रकान्यात मी 'गृहिणी' लिहिलं होतं. आई तेव्हा उल्हासनगरच्या कारखान्यांतून जीन्सचे गठ्ठे घरी आणून धागे कापायची. माझी फी त्यातून जायची. तुम्हाला कळलं तर काय म्हणाल, याची लाज वाटली होती. आता ऑफिसात कोडमधली एकेक चूक शोधत बसते तेव्हा जाणवतं, ही चिकाटी कॉलेजात नाही, त्या गठ्ठ्यांपाशी शिकले.

मेळाव्यात ओळख करून देताना आपण सगळे आपापले हुद्दे सांगूच. त्याबरोबर आईवडील काय काम करायचे, तेही सांगूया. सुरुवात मी करते.