पदवीही आणि तालीमही

बारावीचा निकाल लागला, की माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या मुलांचे आईवडील एकच पेच घेऊन येतात. मुलाने विद्यापीठात जावे, की गुरूपाशी राहून पूर्णवेळ तालीम घ्यावी? अशा वेळी मला पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे चरित्र आठवते.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. सुशिक्षित घरातल्या मुलाने गवई होणे त्या काळी प्रतिष्ठेचे मानीत नसत. विष्णुपंत एल्फिन्स्टन कॉलेजात गेले खरे, पण वल्लभदास दामुलजींकडे सतारही शिकत राहिले. १८८४ साली ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत आले. १८८५ मध्ये बी.ए. आणि १८८७ मध्ये एलएल.बी. झाले. रावजीबुवा बेलबागकरांकडून त्यांनी सुमारे तीनशे धृपदे घेतली. काही काळ कराचीत आणि पुढे मुंबईत वकिली केली. पोटाची चिंता त्या पदवीने मिटवली, म्हणूनच कोणाच्या आश्रयाशिवाय त्यांना गाण्याचा अभ्यास करता आला.

मला विशेष वाटते ते हे, की वकिलीची शिस्त त्यांनी गाण्यात आणली. साक्षीदार तपासावा तसे ते गुणीजनांना विचारीत: हा स्वर का वर्ज्य, या चिजेचा आधार काय? १९०४ साली ते दक्षिणेत हिंडले, तिथल्या बहात्तर मेळांचा अभ्यास केला आणि पुढे आपल्या रागांची दहा थाटांत मांडणी केली. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. पण त्याला रूप दिले गुरुशिष्यांच्या संवादाचे. कॉलेजात शिकलेल्या या माणसाला तालमीची बैठक सोडवली नाही.

पत्नी व मुलगी अकाली गेल्या. पुढे वकिली सोडून त्यांनी सारे आयुष्य संगीताला दिले. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, ती त्यांच्याच पुढाकाराने. १९१८ मध्ये आपल्या ग्वाल्हेरात माधव संगीत विद्यालय निघाले. त्यासाठी माधवराव शिंदे महाराजांनी इथले काही गवई पंडितजींकडे स्वरलिपी शिकायला मुंबईस धाडले होते. त्यांत राजाभैया पूछवाले होते. शंकरराव पंडितांच्या तालमीत तयार झालेला हा गवई पाटी घेऊन पुन्हा विद्यार्थी झाला आणि पुढे त्याच विद्यालयाचा प्राचार्य झाला. एक पदवीकडून तालमीकडे गेले, दुसरे तालमीकडून वर्गाकडे आले. ग्वाल्हेरच्या गाण्याला दोघेही लागले.

पंडितजी १९ सप्टेंबर १९३६ रोजी वारले. अठराशेंहून अधिक चिजा त्यांनी ‘क्रमिक पुस्तकमालिके’त छापून ठेवल्या, नाहीतर त्यांतल्या कितीतरी त्या त्या घराण्याबरोबरच गेल्या असत्या.

मात्र या चरित्राची दुसरी बाजूही मी पालकांना सांगतो. पंडितजी मैफलीचे गवई म्हणून गाजले नाहीत. जे तास ग्रंथांना आणि प्रवासाला गेले, ते गळ्याला मिळाले नाहीत. तेव्हा मुलाला आधी विचारा, त्याला मैफल गाजवायची आहे की विद्या जमवून पुढच्यांच्या हाती द्यायची आहे? दुसरे हवे असेल तर दोन्ही वाटा एकदम चालता येतात. पहिले हवे असेल तर कॉलेज जरूर करावे, पण पहाटेचा रियाज कॉलेजाच्या वेळापत्रकाला विकू नये. ही वर्षे गळ्याला पुन्हा मिळत नाहीत.