साताऱ्याहून परतलेला उमेदवार

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेत मुख्याध्यापिकेने शाळेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो आढावा या अंकात अन्यत्र आलेला आहे. मला येथे एका विद्यार्थ्याची कथा सांगावयाची आहे. तो आपल्या शाळेचा नव्हे; कोकणातल्या मुरूडच्या मराठी शाळेचा. महर्षी धोंडो केशव कर्वे हे नाव आपल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकात वाचलेले आहे. ‘भारतरत्न’, शंभरी ओलांडलेले आयुष्य, पांढरी दाढी, विधवांचा आश्रम, एवढे सर्वांना ठाऊक असते. मात्र सतराव्या वर्षी परीक्षेच्या दारातून परत पाठविला गेलेला मुलगा त्या पांढऱ्या दाढीआड झाकला जातो. दरवर्षी महाविद्यालयांच्या प्रवेशयाद्या लागल्या की मला त्या मुलाची आठवण होते.

धोंडोपंतांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या आजोळच्या गावी झाला. घर मुरूडचे, दापोली तालुक्यातले, समुद्रकाठचे. कुटुंब मानी, पण पैशाने ओढगस्तीचे. गावात सोमण गुरुजी नावाचे शिक्षक होते. सार्वजनिक कामाची गोडी त्यांनी या मुलाला लावली. शिक्षकाचा ठसा किती खोल उमटतो, हे माझ्या व्यवसायबंधूंना सांगावयास नको.

त्या काळी मराठी सहावीची सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाली की शिक्षकाची किंवा कारकुनाची नोकरी मिळण्याची वाट मोकळी होई. गरीब घरातल्या मुलाला ती परीक्षा म्हणजे आजच्या प्रवेशपरीक्षांइतकीच, किंबहुना अधिकच निर्णायक. 1875 साली धोंडोपंत त्या परीक्षेस निघाले. गावात केंद्र नव्हते. समुद्रमार्गे मुंबईस जावे, तर पावसाळ्यामुळे तो मार्ग बंद. मग या मुलांनी साताऱ्यास पायी जाण्याचे ठरविले. कोकणातून कुंभार्ली घाट चढून सातारा गाठायचा, म्हणजे शंभर मैलांहून अधिक वाट. हाताशी दिवस मोजके, पाऊस कोसळत असलेला, पाठीवर बोचके. सह्याद्रीतला पावसाळा दिल्लीत वाढलेल्या आपल्या मुलांना चित्रातच ठाऊक असतो. ओढ्यानाल्यांना पाणी, निसरडी चढण आणि डोळ्यांपुढचे दिसू न देणारे धुके यांतून ही मुले वेळेत साताऱ्यास पोहोचली.

परीक्षेस बसण्यासाठी सतरा वर्षे पूर्ण असावी लागत. धोंडोपंतांना ती झालेली होती आणि तसा दाखलाही त्यांच्यापाशी होता. पण अंगकाठी किरकोळ, चेहरा पोरसवदा. परीक्षा समितीच्या अध्यक्षांना हा मुलगा सतरा वर्षांचा वाटला नाही. दाखला बाजूला राहिला आणि डोळ्यांना दिसले ते खरे ठरले. त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही.

येथे मी वाचकांना थोडे थांबण्याची विनंती करते. ही कथा आपण मुलांना सांगतो तेव्हा जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगतो आणि नकारावरून घाईने पुढे जातो. त्या मुलाचे अपयश त्याच्या अभ्यासातले नव्हते. त्याचा अभ्यास कोणी तपासलाच नाही. तो जे जाणत होता ते कागदावर येण्यापूर्वीच निर्णय लागला. आणि नंतर तीच शंभर मैलांची वाट त्याला परत चालावयाची होती. या परतीच्या वाटेविषयी कोणी धडा लिहीत नाही. पुढे 1915 च्या ‘आत्मवृत्ता’त चरित्रनायकाने हा प्रसंग स्वतः नोंदविला. चाळीस वर्षांनंतरही तो विसरला गेला नव्हता, इतके तरी यावरून कळते. झालेल्या दुःखाला क्षुल्लक म्हणणे हा त्या दुःखावरचा उपाय नव्हे, असे माझे मत आहे. ‘एवढ्यासाठी काय रडायचे’ असे आपण घरात सहज म्हणतो; मुलगा रडणे थांबवितो आणि बोलणेही.

पुढच्या वर्षी धोंडोपंत पुन्हा परीक्षेस बसले, या वेळी कोल्हापूर केंद्रावर, आणि उत्तीर्ण झाले. परीक्षाच निरर्थक आहे, असे त्यांनी स्वतःला समजाविले नाही. आपण निरर्थक आहोत, असेही नाही.

या विलंबाची किंमत मात्र त्यांनी मोजली. मॅट्रिक झाले 1881 साली, तेव्हा वय 23. आज या वयात मुले पदव्युत्तर शिक्षण संपवीत असतात. मुंबईत शिकवण्या करीत त्यांनी पुढचे शिक्षण घेतले आणि 1884 साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित विषयात बी. ए. केले. मुंबईतील शाळांतून अध्यापन केले. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून 1891 साली ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक बाहेर पडल्याने गणिताची ती जागा रिकामी झाली होती. साताऱ्यास ज्याला परीक्षेच्या दालनात पाऊल टाकू दिले नाही, त्याने टिळकांच्या जागी गणित शिकवावे!

त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. 1893 साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. ज्या गावासाठी त्यांनी ‘मुरूड फंड’ उभा केला होता, त्या गावात स्वतःच्या घरी राहण्याची सोय उरली नाही. 1896 साली अनाथ बालिकाश्रम निघाला आणि 1900 साली तो पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. प्रारंभी एक झोपडी आणि भोवती उघडा माळ. महाविद्यालयातले तास संपवून अण्णा सायंकाळी हिंगण्याची मैलोगणती वाट चिखलातून पायी तुडवीत. पायी चालण्याशी या माणसाची सोबत जन्मभराची दिसते.

एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्यांच्या शिक्षणाला अण्णांनी आपल्या मुंबईच्या घरात आधार दिला, ते त्यांचे नात्यातले बंधू रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. म्हणजे जगातल्या अत्यंत प्रतिष्ठित विद्यापीठाचे सर्वोच्च यश या घराने जवळून पाहिले होते. तरीही अण्णांनी आपले आयुष्य वाहिले ते हिंगण्याच्या माळाला.

याच माळावर 1916 साली भारतातील पहिले महिला विद्यापीठ सुरू झाले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून अण्णांच्या मनात ही कल्पना रुजली होती. पहिल्या महाविद्यालयात विद्यार्थिनी होत्या पाच. कुलपती डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि कुलगुरू हेच परांजपे. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा, आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. पदवीचे नाव ‘गृहीतागमा’.

या पदवीला सरकारी मान्यता नव्हती. मुंबई विद्यापीठाची पदवी असली की बाजारात मान होता, नोकरीला आधार होता. गृहीतागमा झालेल्या मुलीजवळ केवळ तिचे शिक्षण होते. मातृभाषेतले म्हणून हे शिक्षण कमी दर्जाचे, अशी टीका सुधारक म्हणविणाऱ्यांकडूनही झाली. पालकहो, मराठी माध्यमाच्या शाळेत मूल घालताना आपल्यापैकी अनेकांनी हेच आक्षेप नातेवाइकांकडून ऐकले असतील. मुनिरक्यासारख्या ठिकाणी तर ते अधिक तीव्रतेने ऐकू येतात. एका बाजूस जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, दुसऱ्या बाजूस आयआयटी, आणि मधल्या गल्ल्यांत शिकवणी वर्गांच्या पाट्या. 2021 साली दिल्ली विद्यापीठातील काही अभ्यासक्रमांच्या प्रवेशाची किमान अट पूर्ण शंभर टक्के होती. पुढच्या वर्षापासून सामाईक प्रवेशपरीक्षा आली. शंभराची अट सुटली, दाराबाहेर राहिलेल्यांची रांग तशीच राहिली. 99 टक्के मिळवूनही घरात तोंड लपवून बसणारे मूल आणि साताऱ्यास दाखला हातात धरून उभे असलेले धोंडोपंत यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

अण्णांनी मान्यतेची गरज नाकारली नाही, हे लक्षात घ्यावयास हवे. ती मिळावी म्हणून ते झटत राहिले. ती मिळेपर्यंत शिकविणे मात्र थांबविले नाही. 1919 साली वरूबाई शेवडे या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधर झाल्या. एकच पदवीधर! 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, हे नाव मिळाले. पैशाची चिंता यामुळे पूर्णतः मिटली असे नव्हे. सत्तरी ओलांडल्यावर अण्णा विद्यापीठाची माहिती देत आणि निधी गोळा करीत युरोप, अमेरिका, जपान आणि नंतर आफ्रिकेपर्यंत फिरले.

मान्यतेचा कायदा मुंबई विधिमंडळात 1949 साली झाला आणि 1951 पासून विद्यापीठास वैधानिक दर्जा प्राप्त झाला. त्या वेळी अण्णांचे वय 93 होते. वरूबाईंनी पदवी घेतल्याला तोवर 32 वर्षे होऊन गेली होती.