जमिनीखालचं लंडन बांधणारा माणूस

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र असावं, असं संपादक मंडळाच्या बैठकीत ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. मी नाव सुचवलं तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गटारं बांधणाऱ्या माणसाचं चरित्र? तेही आनंदाच्या प्रसंगी? पण मंडळी, मी तळमजल्यावर राहतो. पावसाळ्यात चेंबर तुंबलं की वरच्या मजल्यांवर काही कळत नाही. आमच्या न्हाणीघराच्या जाळीतून मात्र पाणी उलटं वर येतं. ते बादलीने उपसलेल्या माणसाला जोसेफ बॅझलजेट थोर वाटणारच!

जोसेफचा जन्म २८ मार्च १८१९ रोजी लंडनजवळच्या एनफिल्डला झाला. आजोबा फ्रान्सहून येऊन इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले, वडील नौदलात अधिकारी. जोसेफ इंजिनिअर झाला. उमेदवारीच्या काळात त्याने पाणथळ जमिनीतून पाणी काढून देण्याची कामं केली. पुढे लंडनमध्ये स्वतंत्र व्यवसाय थाटला. तो काळ रेल्वेच्या धडाक्याचा. रात्रंदिवस कामाचा ताण सोसून १८४७ साली त्याची तब्येत पार ढासळली आणि सगळं सोडून विश्रांती घ्यावी लागली. बरा झाल्यावर १८४९ साली तो लंडनच्या गटार आयोगात दुय्यम पदावर लागला. त्या खात्यात जायला कोणी फारसं उत्सुक नसावं, कारण लंडनची अवस्थाच तशी होती.

१८०१ साली लंडनची वस्ती साधारण दहा लाख होती, ती १८५१ पर्यंत तेवीस लाखांच्या वर गेली. जगातलं सर्वांत मोठं शहर! गावोगावची माणसं कामासाठी येत होती, एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं राहत होती. घराखाली मैल्याचे खड्डे असत. ते रात्री उपसायचे आणि मैला शेतकऱ्यांना खत म्हणून विकायचा, अशी जुनी रीत होती. शहर पसरलं, शेतं लांब गेली, उपसणं महाग पडू लागलं. त्यातच सुखवस्तू घरांत फ्लशचे संडास आले. सोय झाली खरी, पण प्रत्येक वेळी भरपूर पाणी खड्ड्यात जाऊन खड्डे वाहू लागले. मग सगळं गटारात, आणि गटारं थेट थेम्स नदीत. तीच नदी अनेकांच्या पिण्याच्या पाण्याची!

पटकीच्या १८४८-४९ च्या साथीत लंडनमध्ये चौदा हजारांहून अधिक माणसं गेली. १८५३-५४ मध्ये आणखी दहा हजारांवर. दुर्गंधीयुक्त हवेमुळे रोग होतो, असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. जॉन स्नो या डॉक्टरने १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीचे मृत्यू मोजून दोष पाण्याचा आहे हे दाखवलं, पण फार थोड्यांना ते पटलं.

१८५६ साली बॅझलजेट नव्या महानगर मंडळाचा मुख्य अभियंता झाला. त्याची योजना ऐकायला सोपी होती. जुनी गटारं उत्तर-दक्षिण उताराने नदीकडे येत. त्यांना नदीत पडण्याआधीच आडवं गाठायचं, नदीला समांतर मोठे बोगदे बांधायचे आणि सगळा मैला शहराच्या पूर्वेला, कित्येक मैल दूर नेऊन ओहोटीच्या वेळी सोडायचा. पण पैसे कोण देणार? नदीत नेमकं कुठे सोडायचं? आराखडे परत येत, दुरुस्त्या होत, पुन्हा परत येत. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना जास्त सांगायला नको.

मग १८५८ चा उन्हाळा आला. कडक ऊन, नदीला पाणी कमी आणि मैला जास्त. पार्लमेंटची इमारत नदीकाठीच. पडदे चुन्याच्या क्लोराईडमध्ये भिजवून लावले तरी खासदारांना आत बसवेना. वर्षानुवर्षं अडलेलं काम अठरा दिवसांत कायदा होऊन मार्गी लागलं! वास वरच्या मजल्यावर पोचला की निर्णय होतो, हा नियम जुनाच दिसतो.

काम १८५९ मध्ये सुरू झालं. मुख्य बोगदेच ८२ मैल, म्हणजे सुमारे १३२ किलोमीटर. एकतीस कोटींच्या वर विटा लागल्या. रस्ते, घरं, कालवे, रेल्वे, सगळं चालू ठेवून खालून खोदायचं होतं. शक्य तिथे पाणी आपोआप वाहावं म्हणून मैलाला दोन फूट ढाळ धरला, आणि जिथे ढाळ संपला तिथे वाफेच्या पंपांनी मैला वर उचलला. बरेच बोगदे अंड्याच्या आकाराचे केले, निमुळतं टोक खाली. म्हणजे पाणी थोडं असलं तरी जोरात वाहतं आणि गाळ साचत नाही. पोर्टलँड सिमेंट तेव्हा नवं होतं, लोकांचा भरवसा नव्हता. बॅझलजेटने ते वापरलं, पण आलेला माल तपासल्याशिवाय वापरायचा नाही असा दंडक घालून. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे बोगद्यांचं माप त्याने त्या दिवसाच्या वस्तीवर ठरवलं नाही. पुढे वाढणारी वस्ती हिशेबात धरली.

त्याच ओघात नदीकाठी भराव घालून त्याने रुंद रस्ते केले. व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवर आज पर्यटक फोटो काढतात, त्यांच्या पायाखालून मैल्याचा बोगदा जातो, शेजारून भुयारी रेल्वे.

१८६६ मध्ये पटकी पुन्हा आली. साडेपाच हजारांहून अधिक माणसं गेली ती मुख्यतः पूर्व लंडनमध्ये, जिथला गरीब कामगारांचा भाग अजून नव्या व्यवस्थेला जोडायचा राहिला होता. तिथला पंप १८६८ मध्ये सुरू झाला. काम वेळेवर पुरं न झाल्याची किंमत कोणी मोजली, हे यातून दिसतं. मात्र त्यानंतर लंडनमध्ये पटकीची मोठी साथ आली नाही. १८९२ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये पटकीने हजारो माणसं नेली, तेव्हाही लंडन वाचलं. गंमत म्हणजे हे सगळं उभं राहिलं वास घालवायला. रोग गेला तो पाणी स्वच्छ झालं म्हणून.

त्याच्या कामात उणीव नव्हती असं नाही. मैला शहरातून गेला, पण नदीतून गेला नाही. फक्त पुढच्या गावांपाशी गेला. १८७८ मध्ये ‘प्रिन्सेस अॅलिस’ ही प्रवासी बोट नेमकी त्या सोडण्याच्या जागेजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं दगावली. पाण्यातली घाण चर्चेचा विषय झाली आणि पुढे गाळ वेगळा काढून बोटींनी समुद्रात नेऊ लागले. आपला कचरा गेटबाहेर गेला म्हणजे संपला असं समजणाऱ्या आपल्या सर्वांना हे लागू आहे.

बॅझलजेटला ‘सर’ हा किताब मिळाला. अकरा मुलांचा हा बाप १८८९ मध्ये निवृत्त झाला आणि १५ मार्च १८९१ रोजी वारला. त्याच्यानंतर लंडनची वस्ती ऐंशी लाखांच्या पुढे गेली, तरी त्याचे बोगदे अजून वापरात आहेत. पावसात ते भरून नदीत ओसंडतात म्हणून आता कुठे सुमारे २५ किलोमीटरचा नवा महाबोगदा जोडीला आला. दीडशे वर्षांनी!

आता आपल्याकडे वळतो. ड्रेनेजची लाईन बदलण्याचा विषय पुढच्या सभेत येणार आहे. आहे त्याच मापाची टाकायची की मोठी, यावर मतभेद आहेत. फरकाची रक्कम सगळ्यांच्या खिशातून जाणार, त्रास मात्र तळमजल्याच्या चार घरांचा, हे मला समजतं. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या इमारतीत एकेका घरात एक न्हाणीघर आणि बोटावर मोजण्याइतकी वॉशिंग मशीन होती. आज मोजून बघा. पंचवीस वर्षांनी किती असतील, तेही मनात धरा आणि मग हात वर करा.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत तळमजल्यावरच्या कुणाला हा विषय पुन्हा लिहावा लागू नये, एवढीच इच्छा. सर्व सभासद कुटुंबांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा!