गणितानंद कापरेकर

गणित म्हटले की आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या पोटात गोळा येतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर मात्र त्यातच आनंद शोधीत राहिले. जन्म डहाणूचा, १९०५ चा. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असता १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. पुढे १९३० ते १९६२ ते देवळालीस शाळामास्तर होते.

१११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. अंक नवापर्यंत चढतात आणि पुन्हा एकावर उतरतात! अशा संख्यांना त्यांनी डेम्लो हे नाव दिले. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. तेथील रेल्वे स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली. या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नेच तिला पूर्ण भाग जातो. अशा संख्यांना ते हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या, म्हणत.

पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या या मास्तरांचे शोध कित्येक पंडितांनी हसण्यावारी नेले. त्यांनी आपल्या पुस्तिका स्वतःच छापल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाने दखल घेतली. १९८६ साली देवळालीतच त्यांचे निधन झाले.

मित्रहो, कागद, पेन्सिल आणि जिज्ञासा एवढे भांडवल आपल्या येरमाळ्यातही आहेच!