संत इग्नेशियस लोयोला ह्यांचे विद्यार्थिजीवन

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस ह्यांचे नाव आपणां सर्वांस परिचित आहे. त्यांचे युद्ध, त्यांचा पश्चात्ताप व त्यांनी स्थापिलेला संघ ह्यांविषयी प्रवचनांतून आपण पुष्कळ ऐकिले आहे. परंतु तेहतीस वर्षांचा हा पुरुष लहान मुलांच्या पंक्तीस व्याकरण घोकावयास बसला व पुढे अकरा वर्षे विद्यार्थी राहिला, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. महोत्सवाच्या ह्या स्मरणिकेत तीच सांगावी असे आम्ही योजिले आहे.

स्पेन देशातील बास्क प्रांती, लोयोला येथील गढीत १४९१ साली त्यांचा जन्म झाला. घराणे सरदारांचे, म्हणून तलवार, घोडा व दरबारी चालीरीती ह्यांचे शिक्षण त्यांस मिळाले. स्पॅनिश लिहितावाचता येई, परंतु लॅटिन येत नसे. आणि त्या काळी लॅटिनवाचून विद्यापीठाचे दार उघडत नसे. २० मे १५२१ रोजी पांप्लोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा उजवा पाय मोडला. अंथरुणास खिळले असता त्यांनी ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे वाचली आणि त्यांचे अंतःकरण पालटले. १५२२ साली मोंसेरात येथे पवित्र मातेच्या वेदीपाशी त्यांनी तलवार ठेविली. १५२३ साली ते यरुशलेमेस गेले. तेथेच राहावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु तेथील फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी अनुमती दिली नाही. परतताना त्यांच्या मनाने निश्चय केला की, आत्म्यांस साहाय्य करावयाचे तर विद्या संपादन केलीच पाहिजे.

१५२४ साली बार्सिलोना येथे आर्देवोल नामक गुरुजींनी त्यांस विनामूल्य शिकविण्याचे पत्करिले, व इसाबेल रोसेर ह्या धर्मशील बाईंनी त्यांच्या निर्वाहाची सोय केली. परंतु अडचण निराळ्याच बाजूने आली. व्याकरणाची रूपे पाठ करावयास बसले की मनात उदात्त विचार व भक्तीची गोडी उचंबळून येई, आणि पाठ तसाच राही. प्रार्थनेच्या व मिस्साच्या वेळीही असा प्रकाश मिळत नसे, हे त्यांच्या ध्यानी आले. तेव्हा हा देवाचा प्रसाद नसून भक्तीचा वेष घेतलेला मोह आहे, हे त्यांनी ओळखिले. गुरुजींस सांता मारिया देल मार ह्या मंदिरात नेऊन त्यांनी सर्व निवेदन केले, आणि बार्सिलोनात भाकरपाणी मिळेल तोवर दोन वर्षे एकही पाठ चुकविणार नाही, असे वचन दिले. त्यानंतर तो मोह पुन्हा त्यांच्याकडे फिरकला नाही.

१५२६ साली ते आल्काला येथील विद्यापीठात गेले. तेथे घाई नडली. तर्क, पदार्थविज्ञान व ईश्वरज्ञानशास्त्र ही एकाच वेळी आरंभिल्याने पदरी थोडेच पडले. विद्या पुरी नसता लोकांस धर्म शिकवितो, म्हणून त्यांजवर संशय आला. आल्काला येथे बेचाळीस दिवस व पुढे सालामांका येथे बावीस दिवस त्यांस बंदिवास घडला. त्यांच्या शिकवणीत दोष सापडला नाही; तथापि अधिक अध्ययन होईपर्यंत तिजवर मर्यादा घालण्यात आल्या.

२ फेब्रुवारी १५२८ रोजी ते पायी पॅरिसला पोहोचले. आपला पाया कच्चा आहे, हे मान्य करून माँतेगू महाविद्यालयात त्यांनी मुलांबरोबर पुन्हा लॅटिन आरंभिले. विश्वासाने दुसऱ्यापाशी ठेविलेले पैसे त्याने खर्चून टाकिले. मग धर्मशाळेत राहणे व भिक्षा मागणे आले. धर्मशाळेचे दार सकाळी उशिरा उघडे व सायंकाळी लवकर बंद होई, त्यामुळे पाठ बुडत. शेवटी सुटीत फ्लँडर्सला व एकदा लंडनला जाऊन तेथील स्पॅनिश व्यापाऱ्यांकडून ते वर्षाची बेगमी करून आणू लागले. १५२९ साली सेंत-बार्ब महाविद्यालयात त्यांस खोली मिळाली. सोबती दोन, पीटर फेबर व फ्रान्सिस झेवियर. दोघेही तेवीस वर्षांचे. आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान अशा फेबरकडून आरिस्टॉटल समजावून घेण्यात त्यांस कमीपणा वाटला नाही. १५३५ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, पदवीचे प्रमाणपत्र त्यांच्या हाती आले.

त्या खोलीतून काय निष्पन्न झाले, हे जगास ठाऊक आहे. १५३७ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली व १५४० साली पोप तिसरे पॉल ह्यांनी येशूसंघास मान्यता दिली. १५४२ साली झेवियर गोव्यास उतरले. १५५१ साली रोम येथे विनामूल्य विद्यालय उघडले. आणि ३१ जुलै १५५६ रोजी इग्नेशियस निवर्तले तेव्हा संघाची तीसांहून अधिक विद्यालये चालू होती. त्याच संघाचे फादर स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली आपणांस मराठी ख्रिस्तपुराण दिले.

आमच्या धर्मग्रामात शेती, मासेमारी वा घरची जबाबदारी ह्यांमुळे शाळा अर्ध्यावर सोडलेले अनेक बंधुभगिनी आहेत. सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीस बसावयाचे त्यांच्या मनात येते, पण मुलांच्या वयाच्या उमेदवारांत बसण्याची लाज आडवी येते. कित्येकदा मंदिराच्या कामाचीही सबब पुढे होते. त्यांस आम्ही मोकळेपणाने सांगतो की, अभ्यासाच्या वेळी गायनमंडळास वा सभेस न आल्यास आम्ही रुष्ट होणार नाही. ज्या वेळेचे जे कर्तव्य, तीच त्या वेळेची भक्ती, हे ह्या संताने व्याकरणाच्या पुस्तकापुढे बसून दाखविले आहे. त्यांच्या मध्यस्थीने आमच्या प्रौढ विद्यार्थ्यांस चिकाटी लाभो, आणि सर्व काही देवाच्या अधिक गौरवार्थ घडो.