किरणांचे माप देणारे सीव्हर्ट

सीटी स्कॅनच्या माहितीत किंवा अणुऊर्जा केंद्राच्या बातमीत ‘मिलिसीव्हर्ट’ हा शब्द हमखास भेटतो. हे नाव ज्यांच्यावरून पडले, ते रॉल्फ सीव्हर्ट ६ मे १८९६ रोजी स्वीडनमधील स्टॉकहोम येथे जन्मले. घरचा केबलचा कारखाना होता. पण रॉल्फ भौतिकशास्त्राकडे वळले आणि शहरातील ‘रेडियमहेमेट’ या कर्करोग रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करू लागले.

क्ष-किरण आणि रेडियमने कर्करोगावर उपचार सुरू झाले होते, पण मात्रेचे खात्रीचे माप नव्हते. कातडी लाल झाली की मात्रा पुरी, असा ढोबळ अंदाज असे. मात्रा कमी पडली तर गाठ उरे, जास्त झाली तर रुग्ण भाजे. उपचार करणाऱ्यांपैकी काहींनी बोटे गमावली, काहींना कर्करोग झाला. सीव्हर्ट यांनी किरणे मोजण्याची उपकरणे बनवली आणि अंदाजाच्या जागी आकडा आणला. १९२८ मध्ये स्टॉकहोमला किरणांपासून संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष तेच होते. पुढे अणुचाचण्यांच्या काळात हवेतून पसरणारा किरणोत्सर्ग मोजण्याचे कामही त्यांनी केले. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९७९ मध्ये त्यांचे नाव एककाला मिळाले.

या एककाचा अर्थ नेमका काय? एक किलो शरीरभागात किरणांची किती ऊर्जा मुरली, हे ‘ग्रे’ सांगतो. त्यातून अपायाचा धोका किती, हे ‘सीव्हर्ट’ सांगतो. एक ग्रे क्ष-किरण म्हणजे एक सीव्हर्ट. पण एक ग्रे अल्फा कण म्हणजे २० सीव्हर्ट. एक सीव्हर्ट ही फार मोठी मात्रा, म्हणून व्यवहारात त्याचा हजारावा भाग, म्हणजे मिलिसीव्हर्ट वापरतात.

जमीन, हवा, अन्न आणि अवकाशातून माणसाला वर्षाला जगभरात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. छातीच्या एका एक्स-रेतून ०.१ किंवा त्याहून कमी, तर छातीच्या सीटी स्कॅनमधून साधारण ७ मिलिसीव्हर्ट मिळतात. म्हणून गरजेचा स्कॅन भीतीने टाळू नये आणि बिनगरजेचा स्कॅन हट्टाने करून घेऊ नये. सीव्हर्ट यांनी आयुष्यभर मोजमाप केले ते याचसाठी: किरणांचा फायदा मिळावा आणि अपाय आवाक्यात राहावा.